दाणे किती पुसायचे? वन्यजीव छायाचित्रांतला नॉईज आणि संपादनाचे वेगवेगळे मार्ग

(छत्रपती संभाजीनगर येथील सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. पडद्यावर दाखवलेल्या फोटोंचे वर्णन जिथे गरज आहे तिथे शब्दांत दिले आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आहेत.)

आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या लॅपटॉपमध्ये जायकवाडीचे दोन-तीन हजार फोटो नुसते पडून असतील, असं आम्ही धरून चालतो. हिवाळ्यात पहाटे उठायचं, पन्नास-पंचावन्न किलोमीटर पैठणच्या दिशेने जायचं, नाथसागराच्या काठावर थंडीत बसायचं, आणि घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला की पक्ष्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखे दाणे. मग कुणीतरी सांगतं, अमुक सॉफ्टवेअर घे, एका क्लिकमध्ये साफ होतं. होतं खरं साफ. पण नेमकं काय साफ झालं, दाणे गेले की त्यांच्याबरोबर पक्षीही थोडा गेला, आणि गेलेल्या जागी दुसरंच काही येऊन बसलं का, हे कुणी तपासत नाही. आज तेच तपासायचं आहे.

आधी दाणे येतात कुठून ते पाहू. बहुतेकांना वाटतं की आयएसओ वाढवला म्हणून नॉईज आला. हे अर्धसत्य आहे. नॉईजचं मोठं कारण प्रकाश स्वतःच आहे. प्रकाश सलग धारेसारखा येत नाही, थेंबाथेंबाने येतो. अंगणात शंभर वाट्या मांडून ठेवल्या आणि पावसाची नुसती एक सर येऊन गेली, तर एखाद्या वाटीत आठ थेंब असतील, शेजारच्या वाटीत तेरा. पाऊस सगळीकडे सारखाच पडला, तरी वाट्या सारख्या भरल्या नाहीत. हाच पाऊस तासभर पडला तर सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या दिसतील. (मराठवाड्यात पावसाचं उदाहरण देणं जरा धाडसाचंच आहे, पण चालवून घ्या.) कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे अशी एक वाटी. शंभर प्रकाशकण आले तर त्यात साधारण दहाचा कमीजास्तपणा असतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार आले तर शंभराचा, म्हणजे एकच टक्का. प्रकाश शंभर पट झाला की फोटो दहा पट स्वच्छ. हे निसर्गाचं गणित आहे. कॅमेरा कितीही महाग घ्या, यातून सुटका नाही. सेन्सर वाचताना इलेक्ट्रॉनिक्सची थोडी खरखर येते ती वेगळी, आणि ती आजच्या कॅमेऱ्यांत बरीच कमी झालेली आहे.

मग आयएसओ काय करतो? तो आलेल्या प्रकाशाचा आवाज वाढवतो. रेडिओचं स्टेशन नीट लागत नसताना आवाज मोठा केला तर खरखरही मोठी ऐकू येते, तसं. खरखर आवाजाच्या बटणातून आलेली नसते. म्हणून "मी आयएसओ ८००च्या वर जातच नाही" असं अभिमानाने सांगणारे आणि मग काळा पडलेला फोटो संगणकावर तीन स्टॉप उजळणारे जे मित्र आहेत, त्यांना आमचं सांगणं असं की यात तुम्ही काही वाचवत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांवर नुकसान होतं, काहींवर बरोबरी होते, फायदा जवळपास कधीच होत नाही.

यातून संपादनाच्या आधीची एक गोष्ट निघते, आणि आमच्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. बसलेल्या बगळ्याला १/२००० सेकंदाचा शटर कशाला हवा? १/५०० वर आलात तर चौपट प्रकाश मिळतो, म्हणजे फोटो दुप्पट स्वच्छ, फुकटात. उडणाऱ्या पक्ष्याला वेगळा न्याय, तिथे १/२००० लागतोच. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला कवड्या धीवर असेल तर त्याहूनही जास्त लागेल. पण बसलेल्या पक्ष्याकडून उडत्या पक्ष्याकडे आणि पुन्हा बसलेल्याकडे जाताना शटर बदलायची सवय हाताला लागली, तर सॉफ्टवेअरचं निम्मं काम तिथेच संपतं.

लेन्सचंही थोडं सांगतो, कारण यावरून वाद होतात. ६०० मिलिमीटरची एफ ६.३ लेन्स आणि ६०० ची एफ ४ लेन्स यांत फरक काय? पहिलीचं प्रकाश आत घेणारं तोंड साधारण ९५ मिलिमीटरचं, दुसरीचं १५० चं. क्षेत्रफळाने जवळजवळ अडीच पट. किमतीत त्याहून कितीतरी जास्त पट, तो भाग सोडा. सांगायचं हे की एफ ६.३ वाल्याने सूर्य उगवल्यावर थोडं थांबलं तरी तो अडीच पटीचा फरक भरून निघतो. निसर्ग हप्ते मागत नाही.

पण थांबण्यालाही मर्यादा आहे. ऊन चढलं की जमीन आणि पाण्यावरची हवा तापते, तिचे थर हलायला लागतात आणि लांबचा पक्षी पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. जायकवाडीच्या अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३४० चौरस किलोमीटर आहे, उघडा पसारा, आणि पक्षी बहुतेक वेळा लांब असतात. ही उष्णतेची थरथर म्हणजे नॉईज नव्हे. ती कुठल्याच सॉफ्टवेअरने जात नाही. उलट आजची हुशार सॉफ्टवेअर त्या थरथरीलाच पिसांची नक्षी समजून ती आखीव करून देतात. असे फोटो आम्ही पुष्कळ पाहिलेत. पक्ष्याच्या अंगावर खवले! अशा फोटोवर मेहनत करू नका, पुढच्या वेळी जवळ जा किंवा लवकर जा.

आता संगणकाकडे वळू. रॉ फाईल उघडता तेव्हा काय होतं ते समजलं तर पुढची सगळी तुलना सोपी जाते. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. निम्मे पिक्सेल हिरवा, पाव लाल, पाव निळा. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ चं. गंमत पाहा, जायकवाडी धरणाचं लोकार्पणही १९७६ चंच. तर हिरव्या पिक्सेलला लाल आणि निळा किती होता हे माहीतच नसतं. ते शेजाऱ्यांकडे बघून ठरवलं जातं. म्हणजे तुमच्या कुठल्याही रंगीत फोटोत तीनपैकी दोन आकडे अंदाजाचे असतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण "एआय खोटं तयार करतं, पूर्वीचा फोटो खरा होता" असं जे बोललं जातं ते तितकं सरळ नाही. अंदाज पूर्वीही होता. प्रश्न अंदाज किती लांबचा आहे, एवढाच. शेजारच्या पिक्सेलवरून केलेला अंदाज वेगळा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी लाखो फोटोंवरून केलेला अंदाज वेगळा.

नॉईज काढायची जुनी रीत म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी. दाणे जातात, पण पिसांची धारही जाते आणि पक्षी मेणाचा होतो. २००५ मध्ये एक चांगली कल्पना पुढे आली. नुसत्या शेजाऱ्यांकडे न बघता फोटोत इतरत्र तसाच दिसणारा तुकडा शोधायचा आणि अशा एकसारख्या तुकड्यांची सरासरी घ्यायची. पक्ष्याच्या पंखावर एकाच नमुन्याची पिसं ओळीने असतात, त्यामुळे तिथे ही रीत छान चालते. डार्कटेबल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत आजही आहे, आणि तीही प्रत्येक कॅमेऱ्याचा नॉईज आधी मोजून ठेवून त्यानुसार चालते. यात महत्त्वाचं काय? जी माहिती वापरली ती तुमच्याच फोटोतली आहे. बाहेरून काही आलेलं नाही.

त्यानंतर आली शिकवलेली यंत्रं. एकाच दृश्याचा स्वच्छ फोटो आणि दाणेदार फोटो अशा असंख्य जोड्या दाखवून यंत्राला शिकवतात की असे दाणे दिसले तर खाली बहुतेक काय असतं. 'बहुतेक' हा शब्द लक्षात ठेवा. डीएक्सओ कंपनीचं डीपप्राइम २०२० मध्ये आलं. अ‍ॅडोबीने लाइटरूममध्ये डीनॉईजचं बटण २०२३ च्या एप्रिलमध्ये दिलं. टोपाझवाले त्याआधीपासून होतेच. आज आपल्याकडे पक्षी-प्राण्यांचे फोटो काढणारी बहुतेक मंडळी या तीनपैकी एक वापरतात, आणि थोडी मंडळी डार्कटेबल किंवा रॉथेरपी.

पडद्यावर आता एक फाईल आहे. कवड्या धीवर, आयएसओ ६४००, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, पक्षी चौकटीच्या दहाव्या भागाएवढा. काळापांढरा पक्षी मुद्दाम घेतला, कारण पांढऱ्यात पिसांची धार आणि काळ्यात नॉईज, दोन्हीची परीक्षा एकदम होते.

लाइटरूमचा मार्ग सगळ्यात सरळ. रॉ उघडा, सगळ्यात आधी डीनॉईज करा, मग बाकीचं. आधी का? कारण पक्षी निवडणारे मास्क आणि डाग पुसायची हत्यारं फोटोतल्या पिक्सेलवर चालतात. पिक्सेल नंतर बदलले तर ती पुन्हा काढावी लागतात. पट्टी मूळ ५० वर असते. आमचं मत असं की पक्ष्यांसाठी ती ५० वर जवळजवळ कधीच ठेवू नये. २५ ते ४० च्या मध्ये बघा. थोडे दाणे राहू द्या, डोळ्याला ते पोत म्हणून दिसतात. पूर्वी प्रत्येक वेळी एक नवी मोठी डीएनजी फाईल तयार व्हायची आणि डिस्क भरायची, २०२५ च्या आवृत्तीपासून ती अडचण गेली. वेळ मात्र तुमच्या ग्राफिक्स कार्डावर आहे. चांगलं कार्ड असेल तर काही सेकंद, नसेल तर चहा करून आणा.

डीएक्सओचा मार्ग वेगळ्या विचाराचा आहे. ते रंगांचा अंदाज आणि नॉईज या दोन्ही गोष्टी एकदमच सोडवतात, शिवाय प्रत्येक कॅमेरा-लेन्स जोडी प्रयोगशाळेत मोजून तिची दुरुस्तीही त्यातच करतात. बारीक पिसांमध्ये, विशेषतः मानेवरच्या, हा मार्ग आम्हाला थोडा सरस वाटतो. पण लेन्सची धार आपोआप वाढवण्याची जी सोय असते ती मुळातच जास्त असते. ती कमी केल्याशिवाय वापरू नका, नाहीतर गवताच्या काड्या तारांसारख्या होतात. प्युअररॉ वापरून पुढे लाइटरूममध्ये नेणार असाल तर मधली फाईल मूळ रॉच्या कितीतरी पट मोठी होते, कारण आता प्रत्येक पिक्सेलला एकाऐवजी तीन आकडे असतात. पाचशे फोटोंवर सरसकट चालवू नका. आधी निवडा, पंधरा ठेवा, त्यावर चालवा.

टोपाझबद्दल आम्ही जरा कडक बोलणार आहोत. नॉईज काढायला ते उत्तम आहे, पण ते तेवढ्यावर थांबत नाही. धार लावतं, अस्पष्ट डोळा स्पष्ट करतं, फोटो मोठा करतं, आणि आपोआप ठरवतं की तुमच्या फोटोला यातलं काय काय हवंय. लांबच्या छोट्या पक्ष्यावर चालवलं की पिसं येतात. सुंदर पिसं. पण ती त्या पक्ष्याची आहेत का? भिंतीवर लावायला फोटो हवा असेल तर तुमची मर्जी. नोंद म्हणून हवा असेल तर धार आणि मोठं करण्याची सोय बंद ठेवा. २०२५ मध्ये त्यांनी एकरकमी विक्री थांबवून वर्गणी सुरू केली, त्यामुळे हौशी माणसासाठी हिशोबही बदललाय.

डार्कटेबल शिकायला अवघड आहे, यात वाद नाही. पहिले पंधरा दिवस माणूस वैतागतो. पण पैसे लागत नाहीत, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि पक्ष्याच्या अंगावर नसलेलं पीस ते आणून बसवत नाही. कॉलेजच्या मुलांना आम्ही हेच सांगतो. धीवराच्या या फाईलवर त्याचा निकाल बघा, पार्श्वभूमीच्या पाण्यात थोडे दाणे राहिलेत, पण छातीवरचे दोन काळे पट्टे जसेच्या तसे आहेत. दोन पट्टे म्हणजे नर. मादीला एकच, तोही मध्ये तुटलेला.

आता एक प्रश्न तुम्हालाच विचारतो. हा फोटो तुम्ही बघणार कुठे? २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. मोबाईलवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकताना तो १५०० बाय १००० चा झाला, तर चार आडवे आणि चार उभे असे सोळा पिक्सेल मिळून एक होतो. सोळांची सरासरी म्हणजे नॉईज पाव. काहीही न करता! संगणकावर शंभर टक्के मोठं करून दाण्यांकडे बघत बसणं म्हणजे गालिच्याला नाक लावून त्याची नक्षी बघण्यासारखं आहे. अर्थात पक्षी लांब असेल आणि तुम्ही बराच क्रॉप केला असेल तर ही सवलत मिळत नाही, कारण जोडायला जास्तीचे पिक्सेलच उरत नाहीत. चौकटीची अर्धी रुंदी आणि अर्धी उंची क्रॉप केलीत तर सेन्सरवर आलेल्या प्रकाशाचा पाऊणभाग तुम्ही फेकून दिलेला असतो. प्रदर्शनासाठी ए-३ आकाराचा प्रिंट, ३०० डीपीआयने, म्हणजे साधारण ४९६० बाय ३५०८ पिक्सेल. तिथे नॉईज काढण्याला खरा अर्थ आहे, आणि तिथेसुद्धा कागद पडद्यापेक्षा दयाळू असतो.

म्हणून क्रम कसा? निवड आधी. मग नॉईज. मग उजेड आणि रंग. मग मास्क लावून पार्श्वभूमी वेगळी करायची. तिथले दाणे मोकळ्या हाताने पुसा, आभाळात आणि पाण्यात हरवण्यासारखं काही नसतं. पक्ष्यावर हात आखडता घ्या. मग क्रॉप, मग आकार, आणि धार सगळ्यात शेवटी, अंतिम आकारावर. धार आधी लावली तर ती दाण्यांनाच लागते आणि मग यंत्र त्या धारदार दाण्यांना पीस समजतं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं त्या मुद्द्यावर येतो. आपले फोटो आता नुसते फोटो राहिलेले नाहीत. ते पुरावा झालेत. तुम्ही ईबर्डवर यादी टाकता, दुर्मिळ पक्षी असेल तर तिथले स्वयंसेवक तपासनीस फोटो मागतात आणि त्यावरून नोंद धरतात. एखादा पाणपक्षी जायकवाडीला येतो की येणं थांबलं, हे वीस वर्षांनी कुणी अभ्यासेल तेव्हा तुमचा फोटो उघडला जाईल.

छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा घ्या. चिखलात फिरणारे मुठीएवढे पक्षी, हिवाळ्यात नाथसागराच्या काठावर बघायला मिळतात. ओळखायची एक मोठी खूण म्हणजे पाय. छोट्या टिलव्याचे काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर-हिरवट. लांबून काढलेल्या फोटोत तो पाय तीन पिक्सेल रुंद असतो. रंगांचे दाणे काढणारी पट्टी जोरात ओढली की आजूबाजूच्या चिखलाचा रंग पायात उतरतो, किंवा पायाचा रंगच उडतो. पक्षी स्वच्छ, जात चुकीची! आणि यासाठी एआयही लागत नाही, साधी कलर नॉईजची पट्टी पुरते. ओळख रंगावर अवलंबून असेल तर ती पट्टी कमी करून पायाकडे एकदा बघा, मगच नोंद करा.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांत पसरलेलं, १९८६ मध्ये जाहीर झालेलं. २०२१ च्या मार्चमध्ये तिथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. कितीतरी दशकांनंतर. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आलेला, हे कळलं ते अंगावरच्या पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही वेगळी असते. पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या काढायची शास्त्रशुद्ध रीत उल्हास कारंत यांनी नागरहोळेमध्ये १९९० च्या दशकात बसवली, आता ती देशभर वापरली जाते. विचार करा, रात्रीचा दाणेदार फोटो, आणि कुणीतरी हौसेने तो यंत्रातून साफ केला. यंत्राने हजारो वाघ पाहिलेत. अर्धवट दिसणारा पट्टा ते 'वाघासारखा' पूर्ण करणार. पण आपल्याला वाघासारखा पट्टा नकोय, त्याच वाघाचा पट्टा हवाय. जुळणी चुकली तर एक वाघ कोणत्या जंगलातून कुठल्या वाटेने आला, ही सगळी गोष्टच बदलते. त्यावरून मार्ग वाचवायचे, रस्ते कुठून न्यायचे, हे ठरत असतं.

इथे अजिंठ्याची आठवण होते. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले गेले, लोरेन्झो चेकोनी आणि ओरसिनी. त्यांनी चित्रं पक्की करण्यासाठी, रंग उठून दिसावेत म्हणून शेलॅकचा लेप दिला. तेव्हा चित्रं खरोखर उजळ दिसली असणार. पुढे तो लेप पिवळा-काळा पडला, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो सावकाश काढत बसावं लागलं. त्या दोघांची नियत वाईट नव्हती, कौशल्यही कमी नव्हतं. आज भित्तिचित्रांचं काम करणारे लोक गळालेला भाग कल्पनेने रंगवत नाहीत, मोकळा ठेवतात. पाहणाऱ्याला कळतं, इथलं गेलंय.

मग आपल्या फोटोत काय खरं आणि काय भरलेलं, हे ओळखायचं कसं? दोन युक्त्या सांगतो, दोन्ही घरी करता येतात.

पहिली. एक मोरपीस किंवा कबुतराचं गळालेलं पीस टेबलावर चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर. (मोरपीस आपोआप गळालेलं घ्या, हे सांगायला नको.) आयएसओ १०० ला एक फोटो आणि ६४०० ला एक, उजेड तोच, शटर बदलून. ६४०० वाला तुमच्या नेहमीच्या पद्धतीने साफ करा. दोन्ही एकावर एक ठेवून फोटोशॉप किंवा गिंपमध्ये डिफरन्स मोड लावा. जिथे दोन्ही सारखे तिथे काळं दिसेल. जिथे यंत्राने स्वतःचं काही घातलं असेल किंवा काही पुसलं असेल तिथे उजळ रेषा दिसतील. पट्टी २०, ४०, ६० वर ठेवून बघा. आपल्या कॅमेऱ्याला कुठवर जाणं परवडतं ते एका संध्याकाळीच समजेल, यूट्यूबवरचे पन्नास व्हिडिओ बघायला नकोत.

दुसरी युक्ती प्रत्यक्ष पक्ष्यांसाठी. आपण बर्स्ट मारतोच, एकामागोमाग दहा फोटो असतातच. ते सगळे त्याच पट्टीवर साफ करा आणि शेजारी शेजारी ठेवा. पंखावरची खरी खूण प्रत्येक फोटोत त्याच जागी, त्याच आकाराची दिसेल. नॉईजवरून तयार झालेली खूण दर फोटोत जागा बदलेल किंवा नाहीशी होईल, कारण नॉईज दर फोटोत वेगळा असतो. आमच्या माहितीत याहून सोपी तपासणी नाही. पक्षी अगदीच निश्चल असेल, दिवसा झोपलेला रातवा किंवा शृंगी घुबड, तर त्याच बर्स्टमधले सोळा फोटो एकावर एक जुळवून सरासरी घ्या. नॉईज पाव होतो, आणि त्यातलं काहीही बाहेरून आलेलं नसतं. मोबाईल रात्रीचे फोटो साधारण याच तत्त्वावर काढतो.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न : स्पर्धेत फोटो पाठवताना एआय डीनॉईज चालतं का?

स्पर्धेचे नियम दरवर्षी वाचा, ते बदलत आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारख्या मोठ्या स्पर्धांमध्ये पुढच्या फेरीतल्यांकडून मूळ रॉ मागवतात आणि अंतिम फोटोशी ताडून पाहतात. नॉईज कमी केला म्हणून अडत नाही, पण रॉमध्ये नसलेलं काही फोटोत दिसलं तर अडतं. तुमच्याकडे रॉ नसेल तर बाकी चर्चाच होत नाही.

प्रश्न : माझे जुने सगळे फोटो जेपेग आहेत. त्यांचं काय?

त्यात कॅमेऱ्याने स्वतःच नॉईज काढून, धार लावून, वर फाईल दाबून ठेवलेली असते. उरलेले दाणे मग दाण्यांसारखे नसतात, त्यांचे ठिपके आणि चौकोन झालेले असतात. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या सोळा हजारांवर पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. डीएक्सओचा डीपप्राइम तर जेपेगला हातच लावत नाही. टोपाझ लावतं, पण तिथे अंदाज सगळ्यात लांबचा. आम्ही असे फोटो फक्त आकाराने लहान करतो आणि तसेच ठेवतो.

प्रश्न : पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत उजेड जास्त ठेवावा की कमी?

पांढरं जळणार नाही इतपत जास्त. बगळ्याच्या किंवा फ्लेमिंगोच्या पाठीवर हायलाइटची सूचना लुकलुकायला लागली की जरा मागे या. उजळ घेतलेला फोटो नंतर गडद केला तर नॉईजही खाली जातो. पण पांढरं एकदा जळालं की तिथे माहितीच उरत नाही, आणि मग यंत्र तिथे पिसं काढून देतं, जी आपल्याला नकोत.

प्रश्न : साफ केलेली फाईल ठेवायची की मूळ? डिस्क भरते हो.

मूळ रॉ ठेवा, साफ केलेली मधली फाईल खुशाल उडवा. ती पुन्हा तयार करता येते, आणि दोन वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली तयार होईल. नोंदीसाठी दिलेल्या फोटोची रॉ मात्र दोन ठिकाणी ठेवा, आणि यादीतल्या टिपेत एक ओळ लिहा : नॉईज कशाने काढला आणि पट्टी किती होती. बर्स्टमधले शेजारचे दोन फोटोही न पुसता तसेच ठेवा. कधी शंका निघाली तर ताडून बघायला तेच उपयोगी पडतात.